अक्षरी रक्कम आणि मराठी संख्याशब्द : मुक्तस्रोत अ‍ॅड-इन-साधनांची एक चिकित्सा

स्प्रेडशीटला जोडावयाच्या अ‍ॅड-इनची चर्चा भाषाविषयक संशोधनपत्रिकेत करणे म्हणजे विषयांतर होय, असा आक्षेप काही वाचक घेतील. अशा अ‍ॅड-इनांचे काम केवळ बेरजा-वजाबाक्यांपुरते असते, तर तो आक्षेप आम्ही मान्य केला असता. परंतु त्यांच्याकडून अपेक्षिलेले एक काम असे आहे की, त्यात गणित जवळजवळ नाही आणि भाषा मात्र संपूर्णपणे आहे. ते काम म्हणजे अंकांत मांडलेली रक्कम अक्षरांत लिहिणे. ह्या कामाचे महत्त्व व्यवहारात किती आहे हे सांगण्यास १८८१ च्या परक्राम्य संलेखांच्या कायद्याचे १८ वे कलम पुरेसे आहे. धनादेशावर अंकांतील रक्कम आणि अक्षरांतील रक्कम ह्यांत तफावत आढळल्यास अक्षरांतील रक्कम खरी धरावी, असे ते कलम सांगते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आकडा हा शब्दाचा साहाय्यक आहे, शब्द आकड्याचा नव्हे. धनादेश प्रादेशिक भाषेत लिहिण्याची मुभा ग्राहकास आहेच. तेव्हा मराठी संख्याशब्द चुकीचा उमटविणारे साधन हे लेखनदोषाचे साधन राहत नाही, ते रकमेच्या घोटाळ्याचे साधन होते.

अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) हा प्रश्न विशेष जाणवतो, ह्यास कारण आहे. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून ह्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतील शेतकऱ्याचे उत्पन्न कागदावरील मराठी आकड्यांतून त्याच्या हाती येत आले आहे. ऊसबिल, पतसंस्थेचे कर्जखाते, दूधसंघाची पंधरवड्याची पट्टी, ग्रामपंचायतीची पावती ही सारी कागदपत्रे पूर्वी कीर्द-खतावणीतून निघत, आता ती बव्हंशी स्प्रेडशीटमधून निघतात. अंक यंत्र छापते. ‘अक्षरी रुपये’ ह्या शब्दांपुढील जागा मात्र अनेक ठिकाणी आजही कोरी राहते आणि लेखनिक ती हाताने भरतो. जिल्ह्यातील एका संस्थेत आम्ही असेही पाहिले की, त्या जागी इंग्रजी शब्द रोमन लिपीत छापलेले होते व त्यांतही लाखाच्या ऐवजी ‘हंड्रेड थाउजंड’ होते. पावती घेणाऱ्या शेतकऱ्यास त्यातील एकही शब्द वाचता येत नव्हता. रक्कम अक्षरांत लिहिण्याचा हेतू घेणाऱ्याचा विश्वास हा असेल, तर असे लेखन निरर्थक होय.

हे इंग्रजी शब्द कोठून येतात, हे शोधणे कठीण नाही. एक्सेलमध्ये रक्कम अक्षरांत लिहिणारे एकच अंगभूत फल आहे, आणि ते ‘बाथटेक्स्ट’ नावाचे, केवळ थाई भाषेसाठी असलेले होय. इतर सर्व भाषांच्या वाचकांसाठी मायक्रोसॉफ्टने ‘स्पेलनंबर’ नावाचा एक मॅक्रो नमुन्यादाखल प्रसिद्ध केला आहे. त्यात डॉलर, सेंट, थाउजंड, मिलियन असे शब्द आहेत. आपल्याकडील हिशेबनीसांनी डॉलर खोडून रुपये घातले. काहींनी त्रिअंकी गट मोडून लाख-कोटींचे गटही बसविले. परंतु मराठीपर्यंत हा प्रवास क्वचितच पोहोचला. ह्याला अनास्था हे एक कारण असेलही, परंतु साधनाचा दोष त्याहून मोठा आहे.

एक्सेलमधील मॅक्रोची भाषा १९९३ च्या पाचव्या आवृत्तीबरोबर आली. तिच्या लेखनपटात अक्षरे जुन्या, एकबाइटी संकेतपद्धतीने साठविली जातात, आणि देवनागरीस तशी विंडोज-संकेतपद्धती कधी मिळालीच नाही. परिणामी तेथे ‘सत्तावीस’ हा शब्द सरळ लिहिता येत नाही, लिहिल्यास प्रश्नचिन्हांची रांग उमटते. वाट काढावयाची तर प्रत्येक अक्षरखुणेचा युनिकोड-क्रमांक द्यावा लागतो : स साठी २३६०, त साठी २३४०, हलन्तचिन्हासाठी २३८१, पुन्हा २३४०, आकाराच्या काना साठी २३६६, अशा रीतीने एका ‘सत्तावीस’साठी आठ क्रमांक. शंभर शब्दांची अशी यादी जो तयार करील त्याच्या चिकाटीचे कौतुक करावे. तथापि ती यादी दुसऱ्या कोणाही मराठी माणसाला वाचून तपासता येणार नाही. जे लेखन मराठी जाणणाऱ्यास वाचता येत नाही त्यातील मराठीची जबाबदारी कोणी घ्यावयाची? आमच्या चिकित्सेची कसोटी हीच आहे. साधन किती वेगाने चालते, किती सुबक दिसते हे इतरांनी पाहावे. ज्याला भाषा येते पण प्रोग्रॅम लिहिणे येत नाही, त्याला साधनातील भाषा वाचता येते काय, आणि चूक आढळल्यास सुधारता येते काय, एवढेच आम्ही पाहणार आहो.

ह्या कसोटीस एक्सेल-डीएनए आणि एक्सएलविंग्ज ही दोन प्रसिद्ध मुक्तस्रोत साधने अर्धी उतरतात. पहिले गोव्हर्ट व्हॅन ड्रिमेलेन ह्यांनी रचले. त्याच्या योगे डॉटनेट-कुळातील भाषांत लिहिलेली फले एक्सेलच्या सूत्रांत वापरता येतात. दुसरे फेलिक्स झुमस्टाइन ह्यांचे, २०१४ पासूनचे, पायथन भाषेचा एक्सेलशी संबंध जोडणारे. दोहोंतही देवनागरी शब्द जसेच्या तसे लिहिता येतात, हा मॅक्रोच्या तुलनेने मोठाच लाभ आहे. परंतु दोहोंतही संख्याशब्दांचे नियम प्रोग्रॅमच्या वाक्यांत गुंतून राहतात. ‘भागाकाराची बाकी शून्य असेल तर’, ‘नसल्यास पुढील ओळीकडे जा’ अशा आज्ञांमधून व्याकरण वेचून काढावे लागते. शिवाय दोन्ही साधने स्वतः खुली असली तरी ज्या घराला ती ओसरी म्हणून जोडली आहेत ते घर खाजगी मालकीचे आहे, आणि त्यांतील फले प्रायः विंडोजपुरतीच मर्यादित राहतात. वर्षाकाठी परवान्याचा खर्च ज्यांना जड वाटतो अशा लहान संस्थांच्या दृष्टीने हा मुद्दा गौण नाही.

ह्याहून मुळात वेगळा विचार लिब्रेऑफिसच्या परिवारात झालेला दिसतो. हनस्पेल ह्या शुद्धलेखन-तपासनिसाचे कर्ते लास्लो नेमेथ हे हंगेरियन. हंगेरियनसारख्या प्रत्ययबहुल भाषेशी झुंजलेल्या माणसाने संख्याशब्दांसाठी साधन रचावे आणि त्यात व्याकरण व यंत्र ह्यांची फारकत करावी, हे स्वाभाविक म्हटले पाहिजे. त्यांच्या ‘नंबरटेक्स्ट’ ह्या विस्तारात दोन फले आहेत : एक संख्या अक्षरांत देते, दुसरे चलनासह रक्कम देते. प्रत्येक भाषेचे नियम ‘सोरोस’ नावाच्या एका छोट्या नियमभाषेत, वेगळ्या साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. पुढे २०१८ साली ह्याच ग्रंथालयाचा समावेश लिब्रेऑफिसमध्ये करण्यात आला.

सोरोसची रचना भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित वाटू नये. प्रत्येक ओळीत डावीकडे अंकांचा आकृतिबंध आणि उजवीकडे त्याचे शब्दरूप. वरून खाली पाहत जावे, जी ओळ प्रथम लागू पडेल ती घ्यावी. उजव्या बाजूस एखाद्या अंशाचा पुन्हा उल्लेख असल्यास त्या अंशाला तेच सर्व नियम नव्याने लावावेत. हा पुनःप्रयोग आमच्या मते ह्या साधनाचे मर्म आहे. कोटीचा नियम पाहावा : शेवटचे सात अंक वेगळे काढावे, उरलेल्या डाव्या भागाचे वाचन करून त्यापुढे ‘कोटी’ हा शब्द ठेवावा, मग सात अंकांचे वाचन करावे. एवढ्या एका ओळीत ‘पंचवीस कोटी’ येते, ‘एक हजार कोटी’ येते आणि अर्थसंकल्पातील ‘एक लाख कोटी’ही येते. अब्ज, खर्व, निखर्व ही परंपरागत नावे पाठ असूनही आजचा मराठी माणूस कोटीच्या वर जाताना पुन्हा हजार-लाखच मोजतो. त्याची ही रीत नियमाने अचूक पकडली आहे. विशेष नियमाच्या ओळी वर आणि सामान्य नियमाच्या ओळी खाली ठेवाव्या लागतात, हेही आपल्या व्याकरणपरंपरेतील उत्सर्ग आणि अपवाद ह्यांच्या व्यवस्थेची आठवण करून देणारे आहे. ‘शंभर’ हा असाच अपवाद. नुसते १०० असता शंभर, पण १०१ असता ‘एकशे एक’ आणि २०० असता ‘दोनशे’. शंभराची ओळ वर न ठेवल्यास यंत्र ‘एकशे’ म्हणून थांबेल.

खरी कसोटी शंभराच्या आत लागते. इंग्रजीत वीसपर्यंतची नावे व दशकांची नावे दिली की उरलेले सर्व नियमाने सिद्ध होते. थाईतही बहुतांश तसेच आहे, आणि त्या भाषेच्या वाट्याला अंगभूत फल आले तेव्हा ते रचणाऱ्याला फारसे श्रम पडले नसावेत. मराठीत नव्याण्णव शब्दांचा एक अखंड अरण्यप्रदेश आहे. एका ‘सहा’चीच रूपे पाहा : सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. ह्यांतील प्रत्येक रूपामागे संस्कृत-प्राकृतातून आलेला स्वतंत्र ध्वनी-इतिहास आहे. झ्यूल ब्लॉक ह्यांच्या मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथात (१९२०) संख्यावाचकांचा विचार आलेला आहे, तो जिज्ञासूंनी पाहावा. प्रश्न असा की, नियमसंच लिहिणाऱ्याने ह्या इतिहासाचे काय करावे? शंभर ओळींची यादी देऊन मोकळे व्हावे, की जेथे नियमितता आहे तेथे ती दाखवावी?

बहुतेक जण यादी देतील, आणि यंत्राचे काम त्याने भागेल. परंतु यादी दिल्याने एक गोष्ट दृष्टिआड होते. मराठी संख्याशब्द सर्वत्र सारखेच अनियमित आहेत असे नाही. एक्क्या-, ब्या-, त्र्या-, चौऱ्या-, पंच्या-, शहा-, सत्त्या-, अठ्ठ्या- ही आठ पूर्वपदे ‘ऐंशी’ला लावली की ८१ ते ८८ मिळतात आणि ‘ण्णव’ला लावली की ९१ ते ९८ मिळतात; एकही अपवाद नाही. सत्तरीत हीच पूर्वपदे ७३, ७४, ७५, ७७ व ७८ ह्या पाच ठिकाणी चालतात. एकाहत्तर आणि बाहत्तर वेगळे राहतात, आणि शहात्तरात ‘हा’चा संकोच होतो. चाळिशीत एक्के-, बे-, त्रे-, चव्वे- अशी निराळी पण आपापसांत सुसंगत मालिका आहे. (ह्यातील ‘बे’ आपण पाढ्यातच काय तो ऐकतो.) विशी, तिशी, पन्नाशी आणि साठी ह्यांत मात्र गुंता दाट आहे : बावीस पण बत्तीस, पंचवीस पण पस्तीस, एकावन्न पण त्रेपन्न. ढोबळ मानाने असे म्हणता येईल की, जे शब्द रोजच्या व्यवहारात कमी लागतात ते साच्यात बसले आहेत आणि जे अधिक लागतात त्यांनी आपली जुनी रूपे राखली आहेत. भाषाशास्त्रात हे तत्त्व नवे नाही, परंतु नियमसंच लिहिताना ते ओळींच्या संख्येत मोजता येते. ऐंशी-नव्वदीच्या सोळा शब्दांना आठ पूर्वपदे आणि दोन उत्तरपदे पुरतात, तर विशी-तिशीच्या सोळा शब्दांना सोळाच ओळी लागतात.

सोरोसची मर्यादा उघड होते ती ‘एकोण’पाशी. २९ पासून ८९ पर्यंतच्या सात संख्यांत मराठी पुढच्या दशकाकडे पाहते आणि त्यातून एक उणा करते : एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद. (एकोणिसात तेच आहे, पण ‘वीस’मधील व गळाला आहे.) लॅटिनमध्ये एकोणिसासाठी ‘विसात एक उणा’ अशा अर्थाचा शब्द होता. हिंदीत ही रीत एकोणऐंशीपर्यंत चालते आणि ८९ ला ‘नवासी’ म्हणून सोडून देते. मराठी मात्र एकोणनव्वदपर्यंत नेटाने जाते आणि केवळ नव्व्याण्णवाला थबकते. तेथे ‘एकोणशंभर’ म्हणावयास कोणी धजत नाही. आता हा नियम मराठी बोलणाऱ्याच्या मनात एकच आहे : दशकात एक मिळवा आणि आधी ‘एकोण’ लावा. सोरोसला ‘एक मिळवा’ हे म्हणता येत नाही. तो अंकांच्या माळेला ओळखतो, संख्येला नाही. म्हणून २९ साठी ‘एकोण’ आणि ३० चे वाचन, ३९ साठी ‘एकोण’ आणि ४० चे वाचन, अशा सात स्वतंत्र ओळी लिहाव्या लागतात. काम होते, पण एक नियम सात योगायोगांसारखा दिसू लागतो. साधन चांगले आहे हे मान्य करूनही, त्याच्या रचनेत अंक डावीकडून उजवीकडे वाचीत जाणाऱ्या भाषांचा आदर्श गृहीत आहे, हे नमूद केले पाहिजे.

येथे २०१९ च्या वादाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस ह्यांच्या जोडीस ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन देण्यात आले, आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर ह्यांच्यावर टीकेची झोड उठली. विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. नारळीकरांची बाजू अशी होती की, जोडाक्षरांनी भरलेले हे शब्द मुलांना अडतात आणि शब्दांतील एकक-दशकांचा क्रम अंकांच्या क्रमाशी जुळत नाही. कन्नडसारख्या शेजारच्या भाषेत ‘वीस-एक’ हाच क्रम आहे, हे खरेच आहे. मुलांच्या बाबतीत त्यांचा युक्तिवाद विचारार्ह होता, आणि त्यावर झालेल्या चेष्टेत समजूतदारपणापेक्षा आवेश अधिक होता असे आमचे मत आहे. पण जो युक्तिवाद मुलासाठी करता येतो तो यंत्रासाठी करता येत नाही. यंत्राला जोडाक्षर अवघड नसते. शंभर ओळी त्याला ओझे नाहीत. तरीही ‘वीस एक’ छापणारी अ‍ॅड-इन कोणी तरी रचील अशी भीती निराधार नाही, कारण रचणाऱ्याला दहा ओळींत सुटका हवी असते. धनादेशावर ‘वीस सात हजार’ असे उमटल्यास वाचणारा ते वीस की सत्तावीस, ह्या संशयात पडेल, आणि १८ व्या कलमाने शब्दालाच प्रामाण्य दिलेले आहे.

अपूर्णांकवाचक शब्दांची गोष्ट याच्या उलट आहे. सव्वा, दीड, अडीच, पावणे, साडे हे शब्द गणिती प्रोग्रॅमला त्रासदायक वाटतात. सोरोसला ते सोपे जातात. १५ च्या पुढे चार शून्ये म्हणजे ‘दीड लाख’, २५ च्या पुढे एक शून्य म्हणजे ‘अडीचशे’. आकृतिबंध डोळ्यांना दिसतो. ‘दीड’ हा द्व्यर्धापासून आणि ‘अडीच’ अर्धतृतीयापासून आला, म्हणजे ‘तिसरा अर्धा’. डॅनिश भाषेतील पन्नासाचे नावही ‘अर्धा तिसरा, वीसपट’ अशाच कल्पनेवर बेतलेले आहे. पाढ्यांत औटकी होती तोवर साडेतीनही ह्याच कुळातला होता. धनादेशावर ‘एक लाख पन्नास हजार’ लिहावे हे ठीक. परंतु ग्रामसभेत वाचून दाखवावयाच्या ताळेबंदात ‘दीड लाख’च कानाला ओळखीचा वाटतो. तेव्हा मराठी नियमसंचात दोन वाचने हवीत, एक लेखी आणि एक बोली. सोरोसमध्ये क्रमवाचकासारख्या पर्यायी वाचनांसाठी उपसर्गाची सोय असल्याने हे शक्य आहे. संख्या शब्दांत सांगण्याची रीतही काळागणिक पालटते, ह्याचा पुरावा ह्याच जिल्ह्यात आहे. नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रचलित पाठात ग्रंथसमाप्तीचे वर्ष, शके १२१२, अंकांत दिलेले नसून शब्दांत दिलेले आहे, आणि तेथे शंभरावरील संख्या ‘उत्तर’ ह्या शब्दाने जोडली आहे. तीही एक नियमबद्ध रीतच होती. ती लिहिण्यास एक ओळ पुरेल.

चलनाच्या नियमात एकवचन-अनेकवचनाचा विवेक हवा : एक रुपया, दोन रुपये, एक पैसा, पन्नास पैसे. सामान्यरूपापर्यंत मात्र हे साधन पोहोचत नाही. ‘पाच हजार रुपये फक्त’ हे ते लिहील, ‘पाच हजार रुपयांचा धनादेश’ लिहिणार नाही, कारण विभक्ती ठरविणारा शब्द त्याच्या कक्षेबाहेर असतो. पावतीच्या छापील वाक्याची रचना करणाऱ्याने ही मर्यादा ओळखून रक्कम नेहमी प्रथमेत येईल असे वाक्य योजावे.

वेष्टनाविषयी थोडक्यात. लिब्रेऑफिस कॅल्कसाठी नवे फल स्वतः रचावयाचे तर फलाची व्याख्या, त्याचा प्रोग्रॅम आणि नोंदणीची फाइल हे सर्व एका ओएक्सटी गठ्ठ्यात बांधावे लागते. व्याख्येचा भाग भाषेच्या अभ्यासकाला निश्चित अवघड जाईल. नोंदणीच्या फाइलीत मात्र फलाचे वर्णन आणि त्याच्या प्रत्येक घटकाचे स्पष्टीकरण भाषावार देता येते. म्हणजे सूत्र भरताना लेखनिकास मार्गदर्शन मराठीत मिळू शकते. ही सोय वापरणारे थोडे. आणखी एक सावधगिरी : अ‍ॅड-इन ज्या संगणकावर नाही तेथे तीच फाइल उघडून पुनर्गणना झाल्यास शब्दांच्या जागी नाव न ओळखल्याची खूण उमटते. म्हणून अक्षरी रक्कम उमटल्यावर सूत्र काढून केवळ मजकूर ठेवावा, आणि मगच फाइल दुसऱ्याकडे धाडावी.

राहता राहिला लेखनभेदांचा प्रश्न. एकेचाळीस की एक्केचाळीस, सेहेचाळीस की शेहेचाळीस, अठ्ठावीस की अट्ठावीस, चोपन्न की चौपन्न, ‘एकशे पंचवीस’ तोडून लिहावे की जोडून? प्रोग्रॅम रचणारा ह्यांपैकी जे प्रथम आठवेल ते घेतो, आणि मग एका तालुक्यातील शेकडो पावत्यांवर तेच रूढ होते. छापखान्यातील मुद्रितशोधकाची जी सत्ता पूर्वी होती तीच ही. फरक एवढा की, सोरोसच्या फाइलीत प्रत्येक निर्णय एका ओळीत, देवनागरीत, सर्वांसमोर मांडलेला असतो आणि मुक्त परवान्यामुळे त्यावर आक्षेप घेऊन ती ओळ बदलण्याचा अधिकार कोणासही आहे. कोणत्याही मराठी नियमसंचाची परीक्षा करताना निदान पुढील संख्या तपासाव्या : १००, १०१, १,००,००,००५, ८९, ९९, ७६, आणि एक रुपया एक पैसा. १,००,००,००५ मध्ये ‘एक कोटी पाच’ ह्याखेरीज एखादे अवांतर ‘शून्य’ किंवा रिकामे ‘लाख’ उमटले, तर मधल्या शून्यांचा नियम लिहावयाचा राहिला आहे असे समजावे.